जुनी पॉइंट टू-टू रायफल काडतूस घेत नाही? पक्कड उचलण्याआधी हे वाचा

ओहायोत आमच्या मागच्या घरात एक निवृत्त टूलमेकर आजोबा राहायचे. घर विकून लेकीकडे निघाले तेव्हा गॅरेज रिकामं करताना त्यांनी मला एक रायफल दाखवली. लाकडी दस्ता, हाताने ओढायचा बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा भाग), खालून लावायचं सात काडतुसांचं मॅगझिन. त्यांच्या वडिलांनी १९५०च्या दशकात घेतलेली .२२. "निशाणा अजून चोख आहे, पण खायला घातलं की तोंड फिरवते," असं काहीसं ते म्हणाले. मी सांगलीचा मेकॅनिकल इंजिनिअर. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू चालवलेली. म्हटलं, हे काय, रविवारी दुपारी होऊन जाईल.

चार महिने लागले. कारण मी सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं ती जागा) तोंडाशी पॉलिश पेपर फिरवला, मग एक्स्ट्रॅक्टरची (काडतूस बाहेर ओढणारा पंजा) स्प्रिंग बदलली, आणि सगळ्यात शेवटी मॅगझिनकडे नीट पाहिलं. दोष तिथेच होता. मॅगझिनच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या दोन कडा म्हणजे ओठ. उजवा ओठ डाव्यापेक्षा किंचित आत वळलेला होता, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. तुमचे चार महिने वाचावेत म्हणून योग्य क्रम इथे लिहितोय.

आधी कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वगळू नका. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचा सर्वात मोठा घोळ इथेच होतो.

एच-१बी, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल, तर संघीय कायद्याप्रमाणे बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. याला मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. मित्राने प्रेमाने "घरी घेऊन जा, बघ दुरुस्त होते का" म्हटलं तरी ते बाळगणंच झालं. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर ही अडचण नाही, पण राज्याचे नियम वेगळे असतात. न्यू जर्सीत फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड (बंदूकधारकाचं ओळखपत्र). ओहायोत त्याच राज्यातल्या ओळखीच्या माणसाकडून अशी रायफल थेट घेता येते. तरी आम्ही दोघं परवानाधारक दुकानात गेलो, बंदूक खरेदीचा संघीय फॉर्म ४४७३ भरला, पार्श्वभूमी तपासणी झाली, पावती घेतली. थोडेसे डॉलर गेले, पण झोप शांत लागते.

हाताशी ठेवायचं ते एवढंच: ग्रीन कार्ड किंवा पासपोर्ट, सध्याचा पत्ता असलेलं राज्याचं ओळखपत्र, व्हिसावर असाल तर शिकार परवाना, राज्याचं कार्ड लागत असेल तर ते, आणि खरेदीची पावती.

रायफलीवर सिरियल नंबर नाही म्हणून घाबरू नका. १९६८च्या गन कंट्रोल अॅक्टनंतर तो सक्तीचा झाला. त्याआधीच्या स्वस्त .२२ रायफलींवर बहुतेकदा नसायचाच. मात्र नंबर होता आणि कुणीतरी घासून काढलाय असं दिसलं, तर त्या रायफलीला हात लावू नका.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: १९५९च्या शस्त्र कायद्यात शस्त्र बाळगण्याला जसा परवाना लागतो, तसा दुरुस्तीलाही वेगळा लागतो. परवान्यावरची आजोबांची .२२ घरात असेल, तर साफसफाई आणि निरीक्षणापुरताच हा लेख वापरा. पक्कड आणि कानस परवानाधारक गनस्मिथच्या (बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या) हातात राहू द्या. कुठे काय अडतंय हे त्याला नेमकं सांगता आलं, तरी त्याचं निम्मं काम तुम्ही केलेलं असतं.

साहित्य

- .२२ मापाची निर्जीव डमी काडतुसं, किमान सात
- सुरक्षा चष्मा
- .२२चा क्लीनिंग रॉड, ब्राँझचा ब्रश, चिंध्यांचे तुकडे, जुना टूथब्रश
- सॉल्व्हंट (मी हॉप्स नंबर ९ वापरतो, वास उग्र असतो, गॅरेजचं दार उघडं ठेवा) आणि हलकं तेल. शिवणयंत्राचं तेलही चालतं
- खाचेत घट्ट बसणारे स्क्रू ड्रायव्हर
- व्हर्निअर कॅलिपर
- बारीक टोकाची पक्कड आणि तिच्या जबड्यांना गुंडाळायला चिकटपट्टी
- भिंग, छोटी बॅटरी, काळा मार्कर
- वही

वही गमतीने लिहिलेली नाही. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो लिहून ठेवायचा. मी पहिल्या महिन्यात एका संध्याकाळी तीन गोष्टी बदलल्या. फरक पडला, पण कशामुळे पडला ते आजतागायत कळलेलं नाही.

१. रायफल रिकामी करा, आणि पुन्हा बघा

मॅगझिन काढा. बोल्ट पूर्ण मागे घ्या. बॅटरीने चेंबरमध्ये पाहा, मग करंगळीचं टोक लावून पाहा. एनसीसी केलेल्यांना "जाँच शस्त्र" आठवत असेल. तीच शिस्त, फक्त उस्ताद नाही. नळकांडीवजा मॅगझिन असेल तर आतली नळी पूर्ण बाहेर काढा आणि रायफल खाली-वर करून बघा. अशा मॅगझिनमध्ये एखादं काडतूस चिकटून लपून राहतं.

खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. घरातल्या सगळ्या चाचण्या फक्त डमीवर. यात सूट नाही, कारण .२२ हे रिमफायर काडतूस आहे. ठिणगी पाडणारं रसायन मध्यभागी वेगळ्या टिकलीत नसतं, पितळेच्या मागच्या काठातच, म्हणजे रिममध्ये, भरलेलं असतं. अडकलेल्या काडतुसावर बोल्ट जोराने दाबला आणि रिम चेमटली, तर बोल्ट बंद होण्याआधीच बार उडू शकतो. तसंच अडकलेलं काडतूस स्क्रू ड्रायव्हरने रिमला टोचून काढायचं नाही. जुन्या बोल्टमध्ये फायरिंग पिन (रिमवर आपटून बार उडवणारी सळई) साठलेल्या घाणीमुळे पुढे अडकून राहिलेली असू शकते. तशा बोल्टखाली घरात खरं काडतूस घालणं म्हणजे आगीशी खेळ.

२. रायफल नेमकी कुणाची ते शोधा

माझ्या नळीवर बंदूक कंपनीचं नाव नाहीच, एका दुकान-साखळीचं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत ही सर्रास पद्धत होती. सिअर्स, मॉन्टगोमेरी वॉर्ड, वेस्टर्न ऑटो ही दुकानं मार्लिन, मॉसबर्ग, सॅव्हेज अशा कारखान्यांकडून रायफली बनवून घेत आणि जे. सी. हिगिन्स, वेस्टर्न फील्ड, रेव्हलेशन अशा नावांनी विकत. एकाच दुकानाच्या दोन मॉडेलांचे कारखाने वेगळे असू शकतात. त्यामुळे दुकानाच्या नावाने मॅगझिन मागवलं तर चुकीचं येण्याची दाट शक्यता असते. नळीवरचा मॉडेल क्रमांक टिपून घ्या आणि त्यावरून मूळ कारखान्याचं मॉडेल शोधा. न्यूमरिचसारखे जुन्या भागांचे विक्रेते असे तक्ते ठेवतात.

नळीवर काय कोरलंय तेही वाचा. ".२२ एस-एल-एलआर" असेल तर शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल ही तिन्ही लांबीची काडतुसं चालतात. ".२२ मॅग्नम" किंवा "डब्ल्यूएमआर" असेल तर तो वेगळा प्राणी, काडतूस जास्त लांब आणि जाड. मॅग्नमच्या चेंबरमध्ये लाँग रायफल सैल बसतं आणि फाटू शकतं. "फीडिंगचा प्रॉब्लेम" म्हणून कुणी दाखवलेली रायफल प्रत्यक्षात चुकीच्या काडतुसाची बळी असते, असंही होतं.

३. काडतुसाचा स्वभाव

.२२ लाँग रायफल १८८७ सालचं. स्टीव्हन्स कंपनीने बाजारात आणलेलं, आणि आजही फारसं न बदललेलं. स्वप्नील कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं ते याच काडतुसावर. २०१०मध्ये तेजस्विनी सावंतने म्युनिकला प्रोन (झोपून नेम धरायच्या) प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं, तेही याच काडतुसावर. मात्र ती मंडळी एकेक काडतूस हाताने भरतात. मॅगझिनचा ताप त्यांना नाही.

पूर्ण काडतूस जास्तीत जास्त २५.४ मिमी लांब, रिम सुमारे ७ मिमी रुंद. गोळी मऊ शिशाची, बहुतेकदा वर मेणाचा थर. यातून तीन गोष्टी निघतात. मेण आणि शिसं कोपऱ्याकोपऱ्यात साचतं. मऊ नाक कुठेही घासलं की सोलपटतं. आणि बाहेर आलेली रिम मॅगझिनमध्ये शेजारणीच्या रिममध्ये अडकते.

पहिली चाचणी म्हणून, घरात नव्हे तर रेंजवर, दोन-तीन वेगळ्या प्रकारची काडतुसं घ्या. तांब्याचा मुलामा असलेलं गोल नाकाचं एक, आणि साधं स्टँडर्ड व्हेलॉसिटी (नेहमीच्या वेगाचं) एक. पोकळ, चपट्या नाकाची गोळी जुन्या रायफलीत अडखळते आणि गोल नाकाची सुरळीत जाते, हे फार वेळा दिसतं. तसं असेल तर तुमची दुरुस्ती झाली, पुढचं वाचायची गरज नाही. रायफल १९३०च्या आधीची असेल तर जलद काडतुसं टाळाच. ती त्या सुमारास आली, आणि त्याआधीच्या रायफली त्यांच्यासाठी घडवलेल्या नाहीत.

४. खरवडून साफसफाई

बहुतेक अशा रायफलींत ट्रिगर पूर्ण दाबून धरला की बोल्ट मागे ओढून बाहेर काढता येतो. काहींत वेगळी खिट्टी असते, मॉडेलचं माहितीपत्रक पाहा. बोल्टच्या तोंडावर जिथे रिम बसते, तिथे काळा-राखाडी लेप असतो. टूथब्रश आणि सॉल्व्हंटने तो काढा. एक्स्ट्रॅक्टरच्या पंजाखाली टूथपिक घाला. माझ्या पंजाखालून शिशाची एवढी पपडी निघाली, की त्या जागी रिम सरकत कशी होती हेच नवल.

चेंबर हा या टप्प्याचा गाभा. तुमच्या रायफलीत आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं स्वस्त .२२ शॉर्ट उडवले असतील, तर शॉर्टची टोपी (काडतुसाचा पितळी भाग) जिथे संपते तिथे जळक्या कचऱ्याचं एक कडं तयार होतं. शॉर्टची टोपी सुमारे १०.७ मिमी, लाँग रायफलची १५.६. म्हणजे लांब काडतूस त्या कड्यावर येऊन थांबतं आणि बोल्ट शेवटच्या काही मिलिमीटरला घट्ट होतो. सॉल्व्हंटने भिजवलेला ब्राँझ ब्रश चेंबरमध्ये पंधरा मिनिटं ठेवा, मग हाताने गोल फिरवा. ड्रिल मशीन लावू नका. कडं साफ करूनही काडतूस तिथेच थांबत असेल, तर धातूच झिजलेला असू शकतो आणि मग गनस्मिथ.

रॉड नेहमी चेंबरच्या बाजूने घाला. नळीच्या पुढच्या तोंडाने घातला तर तिथली कड झिजते आणि निशाणा बिघडतो.

शेवटी तेल. पुसून जेमतेम चमक राहील एवढंच. दशकांपूर्वी मारलेलं तेल गुळासारखं घट्ट होतं, आणि ओहायोच्या जानेवारीत तर बोल्टच हलत नाही. हे सगळं करून हात साबणाने नीट धुवा, शिसं अंगावर राहता कामा नये. गॅरेजऐवजी जेवणाच्या टेबलावर हा पसारा मांडला, तर पुढची साफसफाई घरातून तुमचीच होईल. स्वानुभव.

५. नाक कुठे आपटतंय?

अख्ख्या लेखातून एकच टप्पा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

डमीच्या नाकाला काळ्या मार्करने रंग द्या. मॅगझिनमध्ये भरा. बोल्ट मागे घ्या आणि अगदी हळू पुढे ढकला. अडलं की तिथेच थांबा, जोर लावू नका. बॅटरी मारून वरून पाहा, मग डमी काढून शाई कुठे खरवडली ते भिंगातून बघा. आयटीआयचा फिटर निळा लावून जसा सांधा तपासतो तसंच हे.

काय दिसेल आणि त्याचा अर्थ काय:

नाक चेंबरच्या खाली आपटतंय, म्हणजे काडतूस डोकं खाली घालून येतंय. ओठांचा पुढचा भाग फार आवळलेला आहे, किंवा स्प्रिंग दमलीय, किंवा मॅगझिनच खाली लोंबतंय.

नाक चेंबरच्या वरच्या काठावर आपटतंय. ओठ पुढे फार उघडे आहेत, काडतूस वेळेआधी सुटतंय.

नाक डावीकडे किंवा उजवीकडे जातंय. दोन ओठ सारखे नाहीत. माझी केस हीच. चार महिने मी ती "वर आपटतंय" समजत होतो, कारण शाई लावून बघितलंच नव्हतं.

बोल्ट काडतुसाच्या डोक्यावरून निघून जातोय, काडतूस जागचं हलतच नाही. मॅगझिन खाली बसलंय किंवा स्प्रिंगला जोर नाही.

दोन काडतुसं एकदम वर येतायत. ओठांचा मागचा भाग सैल.

काडतूस चेंबरमध्ये जातं, पण बोल्टचा दांडा खाली पडत नाही. मॅगझिनला दोष देऊ नका. चेंबरमधली घाण, चेंबरच्या काठावरचा उंचवटा किंवा एक्स्ट्रॅक्टर, यांपैकी एक.

मग हीच चाचणी नेहमीच्या वेगाने करा. नवशिक्यांचा फार मोठा "दोष" म्हणजे बोल्ट घाबरत, अर्धवट मागे घेणं. बोल्ट रिमच्या मागे गेलाच नाही तर तो काडतूस पुढे ढकलणार कसा? मागे घेताना तळापर्यंत, पुढे ढकलताना एका दमात. मुलांना शिकवताना हे आधी बघा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

६. मॅगझिन

पहिल्यांदा भरण्याची पद्धत. वरच्या काडतुसाची रिम खालच्या काडतुसाच्या रिमच्या पुढे असली पाहिजे. वरची रिम मागे राहिली, तर पुढे सरकताना ती खालच्या रिमला अडकते आणि सगळी रांग ओढली जाते. एकेक काडतूस पुढून आत दाबत मागे सरकवा. भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर हलकेच आपटा. सातच्या मॅगझिनमध्ये सहाच भरून बघा. सात भरल्यावर पहिलंच अडतं आणि पुढे सुरळीत चालत असेल, तर स्प्रिंग अति दाबली जातेय. उलट, शेवटचं एकच अडत असेल तर स्प्रिंग दमलेली किंवा फॉलोअर (स्प्रिंगवर बसून काडतुसं वर ढकलणारी पट्टी) तिरका.

मग मॅगझिन जागेवर बसतं का ते पाहा. ते लावून खालून बोटाने वर दाबून धरा आणि डमी चालवा. दाबलं की नीट चालतं आणि सोडलं की अडतं, असं झालं तर ओठांना हात लावू नका. दोष खटक्यात आहे, म्हणजे मॅगझिन धरून ठेवणाऱ्या कुलपात. तिथले छोटे स्क्रू वर्षांच्या थरथरीने ढिले होतात. ते आवळा. खटक्याचा दात झिजला असेल तर नवा घ्या. दस्त्याचा मुख्य स्क्रूही बघा. कुणी जोर लावून पिळला असेल, तर लाकूड दबून सगळा सांगाडाच किंचित सरकतो आणि मॅगझिनचा कोन बदलतो.

स्प्रिंग आणि फॉलोअर. मॅगझिनचं बूड उघडताना स्प्रिंग उडते. चष्मा घाला, आणि कोणतं टोक वर होतं याचा फोनवर फोटो काढा. उलटी बसवलेली स्प्रिंग हे जुन्या रायफलींत सापडणारं सर्वात सोपं आणि सर्वात चिडवणारं कारण आहे. आतून गंज आणि मेण पुसा. फॉलोअरच्या कडेला कुसळ असेल तर बाराशे नंबरचा पॉलिश पेपर दोन वेळा फिरवा, बस. मॅगझिनच्या आत तेल घालू नका. त्यावर कचरा बसतो, आणि तेल काडतुसात झिरपलं तर बारही फुकट जातो.

आता ओठ. मागचा भाग रिमला धरून ठेवतो. पुढे जिथे ते रुंदावतात, तिथे काडतूस सुटतं आणि बोल्टच्या तोंडात उसळी मारतं. या सुटण्याच्या जागेवर सगळा खेळ आहे.

शक्य असेल तर त्याच मॉडेलचं एक नवं मॅगझिन आधी विकत घ्या. नव्याने सगळं चालायला लागलं तर निदान पक्कं झालं, आणि जुन्याला सुधारायला हातात नमुनाही आला. दोन्हींचं अंतर कॅलिपरने मागे, मध्ये आणि पुढे मोजा, वहीत लिहा. डावा-उजवा ओठ मध्यरेषेपासून सारखा आहे का तेही बघा.

वाकवायचं असेल तर चिकटपट्टी गुंडाळलेल्या पक्कडीने, एका ओठाला, एका वेळी ०.१ मिमीच्या हिशोबाने. खाली आपटत असेल तर पुढचा भाग किंचित उघडा. वर आपटत असेल तर किंचित आवळा. दोन एकदम येत असतील तर मागचा भाग आवळा. बाजूला जात असेल तर दोन्ही ओठ एकमेकांसारखे करा. प्रत्येक वेळी सात डमी, दोन फेऱ्या, मग पुढचा बदल. पत्र्याला मागे-पुढे खेळवत राहिलात तर तो थकतो आणि चिरतो. तीन-चार प्रयत्नांत जमलं नाही तर ते मॅगझिन कचऱ्यात आणि नवं चालू.

मी पहिल्या प्रयत्नात फार वाकवलं होतं. सगळी काडतुसं मॅगझिनमधून एकदम कारंज्यासारखी बाहेर आली. मुलगा पोट धरून हसला.

७. चेंबरचा काठ

रिमफायर रायफल रिकामी असताना ट्रिगर ओढत बसण्याची सवय हे तिचं जुनं दुखणं. पिन मध्यभागी मारत नाही, कडेला मारते. समोर रिम नसेल तर ती थेट चेंबरच्या काठावर आदळते. बऱ्याच रायफलींत पिनला तिथवर पोचू न देणारी आडकाठी असते, पण झिजलेल्या जुन्यांवर विसंबू नये. वर्षानुवर्षांनी तिथे खळगा पडतो आणि त्यातला धातू चेंबरच्या आत कुसळासारखा सरकतो. काडतूस तिथे घासतं, टोपीवर ओरखडा उठतो, रिकामी टोपी बाहेर येताना अडते.

ओळख सोपी: बाहेर काढलेल्या प्रत्येक डमीवर त्याच ठिकाणी ओरखडा. भिंगातून काठावर पिनच्या आकाराचा ठसा दिसेल.

कानस किंवा ड्रिलला लावलेला दगड इथे चालवू नका. मी पॉलिश पेपर फिरवला तो इथेच, आणि नशिबाने फार खाल्लं गेलं नाही. चेंबर एकदा मोठा झाला की परत लहान होत नाही, आणि टोपी फुटून गरम वायू तोंडावर येऊ शकतो. यासाठी चेंबर आयर्निंग टूल नावाचं निमुळतं अवजार मिळतं. ते धातू कापत नाही, आत आलेलं कुसळ दाबून जागेवर ढकलतं. एका थेंब तेलासह, हाताने, ठसा कोणत्या बाजूला आहे ते पाहून. हात बसलेला नसेल तर गनस्मिथकडून करून घ्या. त्याला हे काही मिनिटांचं काम असतं.

आणि पुढे सराव करायचा तर .२२चे स्नॅप कॅप (रिकामा ट्रिगर ओढताना पिनचा मार झेलणारं डमी काडतूस) घाला. इथे बरेच लोक हार्डवेअरच्या दुकानातले भिंतीत ठोकायचे प्लॅस्टिकचे पिवळे गट्टू वापरतात. योग्य नंबरचा गट्टू चेंबरमध्ये जातो आणि त्याचा कॉलर रिमसारखा बसतो. दोन-चारदा वापरून फेकून द्यायचा.

८. एक्स्ट्रॅक्टर

काडतूस चेंबरमध्ये पूर्ण गेलं, दांडा मात्र खाली जात नाही, आणि चेंबर स्वच्छ आहे. अशा वेळी बोल्ट हातात घ्या आणि डमीची रिम पंजाखाली खालून वर सरकवा. बोटाच्या साध्या दाबाने ती आत जायला हवी आणि बोल्ट उलटा केला तरी पडू नये. जातच नसेल तर खाली घाण आहे किंवा पंजाची कड बोथट होऊन वळलीय. पडत असेल तर स्प्रिंग गेली. स्प्रिंग आणि पंजा जोडीने बदला, भाग स्वस्त असतात. पंजाला स्वतः कानस लावून "थोडा" आकार द्यायचा मोह टाळा.

९. नळकांडी मॅगझिन असेल तर

थोडक्यात. बाहेरच्या नळीला पोचा पडलाय का ते बोटाने चाचपा. आतली नळी आणि स्प्रिंग धुऊन कोरडी करा. काडतूस वर उचलणाऱ्या लिफ्टरखाली साचलेलं मेण काढा. त्यापुढची लिफ्टर आणि कार्ट्रिज स्टॉपची जुळणी गुंतागुंतीची असते. पहिल्याच रायफलीत तिच्या वाटेला जाऊ नका.

१०. रेंजवर

डमीचं नाक शिशासारखं मऊ नसतं, म्हणून शेवटची परीक्षा खऱ्या काडतुसाचीच. चष्मा, कानाला संरक्षण, नळी निशाण्याकडे. पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस, मग दोन, मग पाच. ट्रिगर ओढूनही बार झाला नाही, तर नळी निशाण्याकडेच धरून किमान तीस सेकंद थांबा आणि मगच बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढचं काडतूस घालण्याआधी नळीत गोळी अडकली नाही ना ते पाहा. रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, रॉड घालून.

पन्नासची एक पेटी उडवा आणि वहीत नोंद ठेवा: कोणतं काडतूस, कोणतं मॅगझिन, कितवं अडलं, नाक कुठे होतं. पन्नासात एखादं अडलं तर त्याच मॅगझिनने दुसरी पेटी उडवून बघा. एकाच जागी वारंवार अडत असेल तर पाचव्या टप्प्यावर परत या. टोपी फुगलेली किंवा फाटलेली निघाली, किंवा बोल्ट पूर्ण बंद न होताच बार उडाला, तर त्या दिवशीची नेमबाजी तिथेच संपली. रायफल खोळीत आणि सरळ गनस्मिथकडे.

माझ्याकडे आता दोन मॅगझिनं आहेत. नवं सातही खातं. आजोबांच्या वडिलांच्या जुन्याने ओठ सरळ केल्यावर पहिल्या पेटीत एकदाच तोंड फिरवलं, तेही सात भरल्यावर पहिल्याच काडतुसाला. त्याच्या बुडावर मी लाल नेलपॉलिशने ६ असं लिहून ठेवलंय.